मेमो आला, आता पुढे काय?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरी ऐकली, नाट्यसंगीत ऐकले, मधुमेहावरची व्याख्यानेही ऐकली. त्या रांगेत आज वाहतुकीचा मेमो बसवायचा म्हणजे जरा विनोदच वाटेल. पण खरे सांगतो, मंडळातली माणसे मला देवळाबाहेर, लग्नाच्या पंगतीत किंवा बागेत फिरताना थांबवून कायद्याचे जे प्रश्न विचारतात, त्यांत पहिला नंबर मृत्युपत्राचा आणि दुसरा मेमोचा. मृत्युपत्रावर दोनदा बोलून झाले आहे. म्हणून आज मेमो.

शब्दापासूनच सुरुवात करू. पुण्याचा माणूस म्हणतो, ‘पावती फाडली’. मुंबईकर म्हणतो, ‘चलान आलं’. आपण बडोदेकर गुजरातीच्या शेजारात चार-चार पिढ्या राहिलो, म्हणून आपण म्हणतो, ‘मेमो आला’. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच : तुमच्यावर एका गुन्ह्याचा आरोप आहे. लहान का होईना, तो गुन्हाच. दंड हा वीजबिलासारखा आकार नव्हे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर आजचे अर्धे व्याख्यान समजले.

माझी वकिली न्यायमंदिरात सुरू झाली. सूरसागराजवळची ती इमारत मुळात मंडईसाठी बांधली होती, १८९६ साली ती पुरी झाली, आणि सयाजीराव महाराजांनी तिथे भाजीऐवजी न्याय ठेवला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या काळात मेमो म्हणजे पिवळट कागद. पोलीस लायसन जमा करून घेई, पावती देई, आणि सांगितलेल्या तारखेला माणूस न्यायमंदिराच्या पायऱ्या चढे. प्रकरण कुठे आहे हे शोधायचे म्हणजे कारकुनाला गाठायचे, तो रजिस्टर काढणार, आणि त्या रजिस्टरात आपले नाव ‘पटेल’ आणि ‘परमार’ यांच्या मध्ये कुठेतरी सापडणार. २०१८ मध्ये न्यायालये दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेली. तोवर रजिस्टरही संगणकात गेले होते, आणि चौकातल्या पोलिसाचे अर्धे काम खांबावरच्या कॅमेऱ्याने उचलले होते.

इथेच आपली, विशेषतः साठीच्या पुढच्या मंडळींची, पंचाईत सुरू होते. पूर्वी पोलीस शिट्टी मारायचा, म्हणजे निदान कळायचे तरी. आता काळ्या घोड्याच्या चौकात सिग्नल तोडला, तर शिट्टी नाही, कोणी हात आडवा करत नाही. कॅमेरा फोटो काढतो, ‘नेत्रम्’ नावाच्या नियंत्रण केंद्रात नंबर वाचला जातो, आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश जातो. तो मोबाइल नंबर बंद असेल, बदललेला असेल किंवा माणूसच हयात नसेल, तर मेमो निघतो, पण पोहोचत मात्र कोणालाच नाही.

म्हणून पहिला प्रश्न : माझ्या नावावर मेमो आहे की नाही, हे कसे पाहायचे? पूर्वी एकच रजिस्टर होते. आता तीन वह्या आहेत, आणि तिन्ही पाहाव्या लागतात.

पहिली वही केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ या संकेतस्थळावरच्या ई-चलान विभागाची. तिथे मेमोचा क्रमांक, गाडीचा क्रमांक किंवा लायसनचा क्रमांक टाकून शोधता येते. गाडीच्या क्रमांकावरून शोधताना इंजिन किंवा चॅसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे विचारतात. ते आरसी बुकावर असतात. तेव्हा आरसी बुक समोर ठेवूनच बसा, नाहीतर अर्ध्यातून उठून कपाट उचकावे लागते. इथे मेमो दिसला, फोटो दिसला, रक्कम दिसली, म्हणजे प्रकरण अजून पोलिसांकडे आहे.

दुसरी वही आभासी न्यायालयाची, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टाची. असे पहिले न्यायालय २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झाले. आपल्या राज्यासाठीचे अहमदाबादच्या मेट्रोपॉलिटन न्यायालयाशी जोडलेले आहे. ठरलेल्या मुदतीत मेमो भरला नाही की तो तिकडे जाऊ शकतो. तेव्हा पहिल्या वहीतून मेमोची बाकी नाहीशी झाली म्हणून पेढे वाटू नका. तो कदाचित दुसऱ्या वहीत गेला असेल. व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावर राज्य निवडायचे, आणि मोबाइल नंबर, गाडीचा किंवा मेमोचा क्रमांक अथवा नाव यांपैकी एकावरून शोधायचे. तिथे दोन वाटा दाखवतात : दंड भरा, किंवा लढा. दंड भरला की प्रकरण तिथल्या तिथे निकाली. लढायचे म्हटले की प्रकरण आपल्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे येते.

तिसरी वही ई-कोर्ट्सची. देशभरातल्या जिल्हा न्यायालयांची प्रकरणे तिथे दिसतात. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो : पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. हा क्रमांक हाताशी असेल तर तारीख, टप्पा, निकाल सगळे घरबसल्या दिसते. क्रमांक नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकूनही शोधता येते. पण आपल्या आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनागणिक बदलते, हे विसरू नका. कुलकर्णी, शिर्के, गायकवाड ही नावे दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा. जुने प्रकरण निकाली निघाले असेल आणि पुरावा हवा असेल, तर दिवाळीपुऱ्याला नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. मोबाइलवरचा फोटो हा कागद नव्हे.

आता मेमो सापडला. पुढे काय? आधी फोटो पाहा. गाडी तुमचीच आहे का? तुमची पांढरी ॲक्टिव्हा आणि फोटोत काळी मोटारसायकल, असे होते. कॅमेरा तीनाचा आठ वाचतो, आणि कधी कधी भामटे दुसऱ्याचा नंबर लावून फिरतात. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत कॅमेऱ्याच्या मेमोसाठी स्वतंत्र नियम घातला. त्यानुसार फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही दिसले पाहिजेत, तारीख, वेळ आणि जागा नोंदलेली पाहिजे, कायद्याचे कोणते कलम मोडले ते लिहिलेले पाहिजे, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र पाहिजे, आणि नोटीस घटनेपासून १५ दिवसांत निघाली पाहिजे. यातले काही चुकले असेल तर ते लेखी मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे. संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे, आणि वाहतूक शाखेच्या कचेरीत अर्जही देता येतो. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर शिक्का घ्या. नंबरप्लेटच कोणी चोरून वापरत असेल तर मेमोचे भांडण बाजूला ठेवून आधी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवा, कारण उद्या तीच गाडी एखाद्या चोरीत वापरली गेली तर पोलीस तुमच्या दारात येतील.

फोटो बरोबर असेल, चूक आपलीच असेल, तर भरून टाका. इथे मी वकील असूनही धंद्याच्या विरुद्ध बोलतो आहे. ५०० रुपयांच्या मेमोसाठी चार तारखा आणि चार वेळा रिक्षाभाडे, हा व्यवहार नव्हे. काही जण मला कायद्यातली मुदत सांगतात : ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. तरतूद खरी आहे. पण ती न्यायाधीशापुढे मांडायची गोष्ट आहे. तिच्या भरवशावर मेमो साठवत बसलात तर गाडी विकताना आरटीओत काम अडते, आणि ऐन वेळी धावपळ होते.

रकमांबद्दलही गोंधळ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १ सप्टेंबरपासून देशभर दंड वाढले. हेल्मेट किंवा सीटबेल्ट नसेल तर केंद्राच्या कायद्यात १००० रुपये आहेत. गुजरात सरकारने त्याच महिन्यात काही दंड कमी केले, आणि आपल्याकडे ते ५०० झाले. त्या डिसेंबरात शहरी भागात हेल्मेट ऐच्छिक असल्याची घोषणा झाली, आणि दोन महिन्यांच्या आत सक्ती कायम असल्याचे सरकारने उच्च न्यायालयात सांगितले. तेव्हा ‘अहो, गावात कुठे हेल्मेट लागतं?’ असे म्हणणारे जे काका आहेत, ते त्या दोन महिन्यांतच अडकून पडले आहेत. आणि कागदपत्रांची धास्ती घेऊ नका. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले लायसन आणि आरसी कागदाइतकेच ग्राह्य आहेत.

मंडळी, इथवर पैशांची गोष्ट झाली. आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो.

आपल्यातल्याच एका कुटुंबाची हकिगत आहे, नाव सांगत नाही. गृहस्थांनी जुनी स्कूटर ओळखीच्या माणसाला विकली. पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून दिल्या, ‘तुमचं तुम्ही करून घ्या’ म्हणाले. त्याने काही केले नाही. पुढे त्याने ती तिसऱ्याला दिली. दोन वर्षांनी ते गृहस्थ वारले. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या पत्नीला नोटीस आली, मेमोची नव्हे, अपघाताच्या दाव्याची. स्कूटरचा विमा संपलेला होता, आणि सरकारी नोंदीत मालक अजून त्यांचे यजमानच होते. त्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, ‘भाऊ, गाडी तर आम्ही विकली होती ना?’

कायद्याचे उत्तर कठोर आहे. गाडी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते, तो फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची, तो फॉर्म ३०. नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. अपघाताची भरपाईही त्याच्याकडेच मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, मधे गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणून गाडी विकताना पैसे मोजण्याआधी फॉर्म भरा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, आणि महिन्याभराने संकेतस्थळावर स्वतः पाहा, नाव बदलले का. ‘माणूस ओळखीचा आहे’ ही ठेव न्यायालयात वटत नाही.

दुसरे, गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी. आपल्या कितीतरी घरांच्या ओट्याखाली बाबांची स्कूटर आहे. भावना समजू शकतो. पण ती रस्त्यावर फिरत असेल तर नियम असा आहे : मृत्यूची माहिती आरटीओला ३० दिवसांत द्यायची, आणि तीन महिन्यांत वारसाने फॉर्म ३१ भरून ती नावावर करून घ्यायची. तोवरच ती चालवण्याची मुभा. मुदत उलटून गेली असली तरी घाबरून थांबू नका. उशिराने का होईना, नावावर करून घ्या. वारसांचे एकमत असेल तर हे काम मिळकतीच्या मानाने फारच सोपे आहे.

तिसरे, नातवंडे. ट्यूशनला जायला उशीर होतो म्हणून नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती ॲक्टिव्हाची किल्ली देणारे आजोबा या सभागृहात आहेत. मी मान वर करून बघत नाही. पण ऐका. १६ वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. ॲक्टिव्हा त्याच्या दुपटीहून मोठी. २०१९ नंतरच्या कायद्यात अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. अपघात झाला आणि चालवणाऱ्याकडे लायसन नसले, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे फ्लॅट विकायची वेळ येऊ शकते. आणि समोरच्या घरातला माणूस गेला, तर त्याची भरपाई तर कोणालाच करता येत नाही. ट्यूशनला दहा मिनिटे उशीर होऊ द्या.

आता आपली गाडी राज्याबाहेर जाते त्याबद्दल. आपल्या सगळ्यांचे मूळ पुणे, सातारा, कोकण. सुट्टीत गाडी तिकडे वळतेच. महाराष्ट्राची ई-चलानची व्यवस्था वेगळी आहे, तिचे स्वतःचे संकेतस्थळ आणि ॲप आहे, तेव्हा तिकडून आल्यावर तिथेही एकदा पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा चालू आहे. सपाटीला मोटारीला ताशी १०० किलोमीटर, आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. आपल्या अहमदाबाद द्रुतगती मार्गाची सवय झालेला पाय घाटात आवरत नाही, आणि खंडाळ्याचे सौंदर्य पुढे महिनाभर मोबाइलवर येत राहते.

आणि ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी थोडे. तिथे वाहतुकीच्या तिकिटाचे न्यायालय राज्याप्रमाणे बदलते. न्यू जर्सीत ते गावच्या म्युनिसिपल कोर्टात जाते, तर शिकागोच्या बाजूला काउंटीच्या सर्किट कोर्टात. तिकिटावर न्यायालयाचे नाव छापलेले असते, आणि त्या न्यायालयाच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर बहुतेक ठिकाणी प्रकरण पाहता येते. तिकडे तिकीट भरणे म्हणजे बहुधा गुन्हा कबूल करणे. लायसनवर गुण चढतात, विम्याचा हप्ता वाढतो. म्हणून मुलगा म्हणाला की ‘आई, मी वकिलाला विचारतो’, तर तो उधळपट्टी करत नाही. आणि तारखेला गैरहजर राहणे हे तिकिटापेक्षा महाग पडते. दारू पिऊन गाडी चालवण्याचे प्रकरण असेल, तर व्हिसासुद्धा धोक्यात येतो.

एका धोक्याबद्दल सगळ्यांनी कान देऊन ऐकावे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या भगिनींनी. व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलान बाकी आहे’ असा संदेश येतो, सोबत एक फाइल असते. ती उघडली की मोबाइलमध्ये घातक ॲप शिरते, ओटीपी चोरते आणि बँकेचे खाते रिकामे होते. नियम एकच : सरकारी मेमो पाहायला कोणतीही फाइल उतरवावी लागत नाही. संदेशातल्या दुव्याला हात लावू नका. ‘परिवहन’चे संकेतस्थळ स्वतः उघडा, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का पाहा, आणि मगच पुढे जा. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिला तास सर्वांत मोलाचा.

शेवटी लोक अदालत. ही कल्पना आपल्या मातीतली आहे, याचा अभिमान बाळगा. तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यात, कवांटजवळच्या रंगपूरला, हरिवल्लभ परीख यांनी १९४९ मध्ये आनंद निकेतन आश्रम काढला, आणि झाडाखाली आदिवासींची भांडणे मिटवणारे खुले न्यायालय चालवले. उपेंद्र बक्षींसारख्या कायदेपंडिताने त्याचा अभ्यास केला. पुढे १९८२ मध्ये देशातली पहिली औपचारिक लोक अदालत भरली तीही गुजरातेतच, ऊना इथे, आणि १९८७ च्या कायद्याने तिला बळ दिले. आज राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून काही ठरलेल्या दिवशी भरते. गेल्या काही वर्षांत ई-मेमोही तिथे ठेवले जातात. रक्कम कमी होईलच असे नाही, पण प्रकरण एका दिवसात संपते, आणि त्या निकालावर अपील नाही. साठलेले मेमो असतील त्यांनी दिवाळीपुऱ्याच्या जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. तिथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

माझी मंडळाला एक सूचना आहे, आणि कार्यकारिणीने मान डोलावली आहे. गणपतीच्या दहा दिवसांत मंडपाच्या बाजूला एक टेबल लावू. आपली कॉलेजातली मुले तिथे बसतील. तुम्ही आरसी बुक घेऊन या. मुले दोन गोष्टी पाहतील : गाडी कोणाच्या नावावर आहे, आणि नोंदीत मोबाइल नंबर कोणाचा आहे. नंबर जुना असेल तर तिथेच बदलायला मदत करतील. ओटीपी मात्र तुमचा तुम्हीच टाका, आपल्याच मुलांनासुद्धा सांगू नका. आरतीची वाट बघत बसतोच, त्या अर्ध्या तासात हे होईल. आणि ज्या घरात गेल्या वर्षी कोणी गेले आहे, त्या घरी जाऊन ‘वहिनी, स्कूटरचे कागद बघू का?’ असे विचारायला त्यांच्या शेजाऱ्यांनी संकोच करू नये.

 प्रश्न असतील तर विचारा. मृत्युपत्राचेही चालतील.